जामीन मंजूर झाला, सातबारा कोणाचा जोडायचा?

वालूरसारख्या गावात एखाद्या घरातला मुलगा अटकेत गेला की पहिली धावपळ वकिलासाठी होते. त्यासाठी वर्गणी जमते, उसनवारी होते. काही दिवसांनी जामीन मंजूर होतो, घरात आनंद होतो, आणि मग कळतं की मुलगा अजून आतच आहे. आदेशात एक ओळ असते: अमुक रकमेचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. जातमुचलका आरोपी स्वतः लिहून देतो. सगळं अडतं ते जामीनदारापाशी.

आमच्याकडे ज्यांच्यावर ही वेळ येते त्यांतले बहुतेक भूमिहीन असतात. हमाली, गवंडीकाम, हातगाडी, ऊसतोड. भाऊ, मामा, मेहुणे सगळे तसेच. मग सातबारा असलेल्या माणसाच्या दारात जावं लागतं. तो चहा पाजतो आणि 'बघू' म्हणतो.

जामीन हा शब्द मूळ अरबी, अर्थ हमी घेणारा माणूस. मराठीत तो माणसालाही लागला आणि सुटकेलाही. फिक्हमध्ये कफालतीचे दोन प्रकार आहेत. एक मालाची हमी: याने कर्ज बुडवलं तर मी फेडीन. दुसरी माणसाची: बोलवाल तेव्हा याला आणून हजर करीन. फौजदारी जामीन मुळात दुसऱ्या प्रकारचा आहे. आरोपी तारखेला यावा, एवढंच कोर्टाला हवं असतं. मागितले जातात मात्र पहिल्या प्रकारचे कागद: सातबारा, ऐपतीचा दाखला, घरपट्टीची पावती. ज्याच्या शब्दाला मोहल्ल्यात वजन आहे, पण नावावर गुंठाभर जमीन नाही, तो कोर्टाच्या लेखी बहुधा कोणीच नसतो. त्याची जागा कोर्टाच्या आवारात फिरणारे भाडोत्री जामीनदार घेतात. ते पैसे मोजून मिळतात आणि आरोपीला ओळखतही नाहीत!

हे दुखणं जुनं आहे. १९७८ साली मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या गवंड्याला खुद्द सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला होता. खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि त्याचा भाऊ पुढे आला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मोतीरामला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडलं.

आज कायदा काय म्हणतो? गुन्हा जामीनपात्र असेल आणि आरोपी गरीब असेल, तर जामीनदाराविना जातमुचलक्यावर सोडावं, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७८ सांगतं. अटकेपासून आठवड्यात जामीनदार देता आला नाही, तर तो गरीब आहे असं मानायला तेवढं पुरेसं आहे. अजामीनपात्र गुन्ह्यात ही सोय आपोआप लागू होत नाही. पण ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले: आदेशानंतर सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, महिनाभरात हमी भरली गेली नाही तर अटी सैल करता येतील का, हे कोर्ट स्वतःहून पाहू शकतं. स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नये, हेही त्यात आहे. आपल्याकडे हे किती घरांना माहीत आहे?

महिनाभर वाट पाहायचीही गरज नाही. रक्कम कमी करा, जामीनदार शोधेपर्यंत रोख रकमेवर सोडा, असा अर्ज लगेच करता येतो. कोठडीतला एकेक दिवस किती जड असतो, ते परभणीने पाहिलंय. डिसेंबर २०२४ मध्ये सोमनाथ सूर्यवंशी या तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. तिथे प्रश्न जामीनदाराचा नव्हता, पण कोठडी म्हणजे नुसतं थांबणं नसतं.

माझी तक्रार आपल्या लोकांशीही आहे. जलशाला, कमानीला वर्गणी देणारे सातबारावाले सहीच्या वेळी गायब होतात. 'जमीन जाईल' ही भीती सगळ्यांना. आरोपी पळाला तर हमीची रक्कम जप्त होऊ शकते, हे खरं. पण आधी नोटीस येते, म्हणणं मांडायची संधी मिळते, रक्कम कमी करण्याचा अधिकारही कोर्टाला असतो. आणि मुलगा तारखा चुकवायला लागला, तर जामीनदार केव्हाही अर्ज करून हमीतून मोकळा होऊ शकतो. मग कोर्ट अटक वॉरंट काढून त्या मुलाला समोर आणवतं आणि दुसरा जामीनदार आणायला सांगतं.