दगडावरचं बिऱ्हाड



सप्टेंबरच्या सहलीत दिलेला शब्द पाळायची वेळ आली आहे. जे आले नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात हकिगत अशी : चार गाड्या भरून आपली मंडळी माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यावर पोचली. उंची ६,२८८ फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जेमतेम नऊशे फूट जास्त. पण वारा असा, की थर्मासमधला चहा कपात पडायच्या आधीच उडत होता. १२ एप्रिल १९३४ रोजी तिथे ताशी २३१ मैल वेगाचा वारा नोंदवला गेला आहे! माथ्यावर झाड म्हणून नाही. दगडच दगड, आणि त्या दगडांवर पिवळट-हिरवे, काळ्या रेघांचे ठिपके. चौथीतल्या एका चिरंजीवांनी विचारलं, "हे दगड कोणी पेंट केले?" तेवढ्यात एक काकू खाली वाकल्या. "अगं बाई, हे तर दगडफूल! गोड्या मसाल्याला होईल," म्हणत त्यांनी गाडीच्या किल्लीने खरवडायला सुरुवातही केली. मग सगळ्यांच्या नजरा आमच्याकडे. "विचारा डॉक्टरांना!" आमची डॉक्टरकी रसायनशास्त्रातली, तिने आजवर कोणाचा खोकलासुद्धा बरा झालेला नाही. "अंकात सविस्तर लिहितो, पण काकू, तेवढी किल्ली आवरा," असं म्हणून आम्ही वेळ मारून नेली.

तर काकूंचं निम्मं बरोबर होतं. मसाल्यातलं दगडफूल आणि डोंगरावरचे ते ठिपके एकाच गोतावळ्यातले. शास्त्रीय मराठीत त्यांना शैवाक म्हणतात, इंग्रजीत लायकेन. पण जाती वेगळ्या. मसाल्यातलं पापुद्र्यासारखं सुटं निघतं, हे मात्र दगडाला रंगासारखं चिकटलेलं असतं. नकाशासारखं दिसतं म्हणून याचं नाव रायझोकार्पॉन जिओग्राफिकम. (फोटो दिला असता, पण झेरॉक्समध्ये तो शाईचा डाग दिसेल!) काही शैवाकं विषारी असतात, तेव्हा रानातलं खरवडून फोडणीत टाकू नये.

नावात फूल असलं तरी हे फूल नव्हे आणि झाडही नव्हे. १८६७ साली सायमन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने सांगितलं, की हा एक जीव नसून दोघांचा संसार आहे. बुरशी घर बांधते, दगडाला धरून ठेवते. शेवाळ त्या घरात राहून उन्हावर स्वयंपाक करतं. त्या काळच्या अनेक जाणकारांना हे मुळीच पटलं नव्हतं. पुढे २०१६ मध्ये तर असं आढळलं, की बऱ्याच शैवाकांच्या वरच्या सालीत यीस्टसारखा एक तिसरा भाडेकरूही राहतो.

आता प्रश्न असा, की हे बिऱ्हाड तिथे टिकतं कसं? आपण सहा आठवडे भारतात जाऊन येतो, तेव्हा घरातली तुळस वाळून कुरकुरीत झालेली असते. मग कितीही पाणी घाला, ती काही परत येत नाही. शैवाकाचं तसं नाही. त्याला मुळं नाहीत, पाणी आत कोंडून ठेवणारी मेणचट कातडी नाही. पाऊस आला की ते भिजतं, ऊन पडलं की वाळतं. पाणी टिकवायची धडपड ते करतच नाही. पाणी गेलं की कारभार बंद करून स्वस्थ पडून राहतं, आणि पुन्हा शिंतोडे आले की काही मिनिटांत श्वास सुरू.

यामागचं रसायन मोठं गमतीचं आहे. पेशीचे पडदे आणि प्रथिनं पाण्याच्या आधाराने आपला आकार धरून असतात. पाणी गेलं की ती एकमेकांना चिकटतात, फाटतात, आणि पेशी मरते. शैवाकातलं शेवाळ रिबिटॉलसारखी साखरेच्या जातीची द्रव्यं तयार करतं, बुरशी त्यांचं मॅनिटॉल करून साठवते. पाणी उडून जायला लागलं की ही द्रव्यं त्याच्या जागी जाऊन बसतात. पुढे आतला रस इतका दाट होतो, की काचेसारखा घट्ट बसतो. ज्यांनी चिक्की केली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. पाक गार झाला की काचेसारखा कडक होतो आणि दाणे जिथल्या तिथे पक्के. पेशीचंही तेच : सगळं सामान जागच्या जागी. थंडीचं निम्मं कोडंही इथेच सुटतं. गोठलेल्या पाण्याचे स्फटिक पेशी फाडतात, पण गोठायला पाणीच नसेल तर फाडणार काय?

राहता राहिलं ऊन. त्या ठिपक्यांचा पिवळा रंग ऱ्हायझोकार्पिक नावाच्या आम्लाचा. अशी रंगद्रव्यं वरच्या थरात साचतात आणि अतिनील किरणांचा मारा झेलतात. २००५ साली युरोपच्या शास्त्रज्ञांनी हीच जात, आणि झँथोरिया नावाची एक केशरी जात, फोटॉन-एम२ या यानाच्या बाहेरच्या अंगाला बसवून दोन आठवडे अंतराळात ठेवली. हवा नाही, पाणी नाही, ऊन थेट अंगावर. परत आणून पाणी दिलं, तर दोघींनी जणू काही झालंच नाही अशी कामाला सुरुवात केली. नंतर ती केशरी जात अंतराळ स्थानकाबाहेर दीड वर्ष राहून जिवंत परतली.

इतका चिवट जीव मरतो कशाने, ठाऊक आहे? धुराड्याच्या धुराने. १८६६ साली विल्यम नीलँडर या शास्त्रज्ञाने पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या झाडांवरची शैवाकं नोंदवून ठेवली होती. १८९६ पर्यंत तिथली शैवाकं नाहीशी झाली. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड ओलाव्यात विरघळून आम्ल होतो. झाड निदान पान गाळून टाकतं, शैवाकाला तीही सोय नाही. हवेतून येईल ते सगळं ते आत घेतं. ज्या मोकळेपणावर ते जगतं, त्यानेच ते मरतं. आणि गंमत पाहा, शाळेत आम्ल ओळखायला आपण जो लिटमसचा कागद बुडवत होतो, तो रंग मुळात शैवाकापासूनच काढतात. आम्हाला तर हे पीएच.डी. होईपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं!

माउंट वॉशिंग्टनच्याच रांगेत रॉबिन्स सिंकफॉइल नावाचं तळहातात मावेल एवढं, पिवळ्या फुलांचं रोप आहे. जमिनीलगत उशीसारखं दबून राहतं, म्हणून वारा त्याचं काही वाकडं करू शकत नाही. पण पायवाट नेमकी त्याच्या वस्तीतून जात होती. गिर्यारोहकांचे बूट आणि नमुने उपटून नेणारे हौशी संग्राहक यांनी त्याला संपवत आणलं. १९८० साली ते संकटग्रस्त म्हणून जाहीर झालं. मग पायवाट बाजूला वळवली, रोपं लावली, आणि २००२ साली त्याचं नाव त्या यादीतून निघालं. लक्झेंबर्ग बागेतही हवा सुधारल्यावर, १९९० च्या सुमारास, शैवाकं परत आलेली दिसली. निसर्गाने घातलेली संकटं ही मंडळी झेलतात, आपण घातलेली झेलता येत नाहीत. मात्र आपण थोडं बाजूला सरकलो, की पुन्हा संसार मांडतात.

म्हणून ती किल्ली आवरायला सांगितली, काकू. तो ठिपका वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाही. क्वार्टरच्या नाण्याएवढा व्हायला त्याला कित्येक दशकं लागतात. आपल्यापैकी कोणीही या देशात पाऊल ठेवण्याआधीपासून तो तिथे असणार. आणि बाजारातलं दगडफूलही शेतात पिकत नाही. डोंगरातल्या झाडांवरून, दगडांवरून ते गोळा करून आणतात, आणि तेही सावकाशच वाढतं. गोडा मसाला सोडा असं आम्ही म्हणणार नाही, तसं म्हटलं तर घरात जेवण मिळणार नाही! पण घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा, लागेल तेवढंच घ्या आणि तेलावर नीट परता, म्हणजे थोडक्यातच वास येतो. जुनं झालं म्हणून अख्खं पाकीट केरात टाकू नका.

काकूंचा परवा फोन आला होता. किल्लीला लागलेली पिवळी भुकटी अजून गेली नाही म्हणाल्या, आणि मग थोडं थांबून, "उगीच खरवडलं हो."

आणि चिरंजीव, तुमच्या प्रश्नाचं उत्तर : दगड कोणी रंगवलेले नाहीत. तिथे लोक राहतात. पुढच्या सहलीत आपण त्यांच्या दारावरून जरा जपून जाऊ.