प्रत्यक्षदर्शी साक्षीदार कुठे आहे?

माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिलं? जानेवारी २०१८मध्ये औरंगाबादेत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी हा मुद्दा पुढे करून डार्विनला चुकीचा ठरवलं. आजच्या माकडाचा माणूस झाला, असं उत्क्रांतिवाद म्हणतच नाही. दोघांचे पूर्वज एक, एवढंच तो म्हणतो. पण ते राहू द्या. सिंह मुंबईचे पोलीस आयुक्त होते. कुणी पाहिलं नाही म्हणून त्यांच्या खात्याने किती खुनांच्या फायली बंद केल्या?

शिवाय उत्क्रांती होताना पाहिलेलीही आहे. १९८८मध्ये अमेरिकेत रिचर्ड लेन्स्की यांनी ई. कोलाय जीवाणू बारा चंबूंत वाढवायला घेतले. रोज प्रत्येक चंबूतला शंभरावा भाग ताज्या द्रावणात टाकायचा, ठरावीक पिढ्यांनी नमुना गोठवून ठेवायचा. द्रावणात ग्लुकोज बेताचं, सायट्रेट मुबलक. पण ऑक्सिजन असताना हा जीवाणू सायट्रेट खाऊ शकत नाही. तेहतीस हजार पिढ्यांच्या सुमारास एक चंबू भलताच गढूळ दिसला. त्यातले जीवाणू सायट्रेटवर ताव मारत होते.

‘शेवटी जीवाणूच ना?’ हा आक्षेप ठरलेला. सायट्रेट आत घेण्याचं जनुकही जुनंच होतं, हे खरं. त्याची जादा प्रत अशा जागी बसली की ऑक्सिजन असतानाही ते चालू राहिलं. उत्क्रांतीचं काम असंच, जुन्या मालमसाल्यावर चालतं. पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. गोठवलेल्या पिढ्या पुन्हा वाढवल्या, तेव्हा साधारण वीस हजाराव्या पिढीनंतरच्या नमुन्यांतूनच ही करामत पुन्हा घडली. आधी काही बदल साचावे लागले होते.

भंगारातून वावटळीने बोइंग ७४७ जुळवावं, तसा योगायोगाने प्रगत जीव निर्माण होणं अशक्य, हा खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचा हिशेब इथेच फसतो. तो सगळे भाग एकदम जुळायला हवेत असं धरून केलेला आहे. बदल योगायोगाने होतो; कोणता टिकेल, ते मात्र योगायोगावर नसतं.

इथे कोंडी झाली की प्रतिपक्ष हळूच विषय बदलतो: मग पहिला जीव कुठून आला? प्रश्न रास्त आहे, पण वेगळा आहे. डार्विनच्या १८५९च्या ग्रंथाचा तो विषयच नव्हता. १९५३मध्ये स्टॅन्ली मिलर यांनी मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि वाफेत विजेच्या ठिणग्या पाडून अमिनो आम्लं मिळवली. आदिम वातावरण तसं नसावं, हा त्यावरचा आक्षेप वजनदार आहे, आणि तो आधी रसायनशास्त्रज्ञांनीच घेतला. २००९मध्ये जॉन सदरलंड यांच्या गटाने आरएनएच्या चारपैकी दोन घटक साध्या रसायनांपासून घडवले. स्वतःची नक्कल करणारी साखळी त्यातून आपोआप कशी उभी राहिली, हे अजून सुटलेलं नाही. भांडायचं तर तिथे खुशाल भांडावं; सायट्रेट खाणाऱ्या जीवाणूंना त्या भांडणात ओढण्याचं कारण नाही.