कड्याकाठचे मढ

माळशेजचा घाट चढून मौजे मढच्या शिवारात शिरणाऱ्या प्रवाशाला, आपण समुद्राच्या एका जुन्या काठाच्या वारसाभूमीवर उभे आहो असे सांगितले, तर तो सांगणाऱ्यालाच वेड्यात काढील. परंतु भूशास्त्रज्ञांचे अनुमान असे, की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचून हे पठार सिद्ध झाल्यावर पश्चिमेचा भूभाग दुभंगला, अरबी समुद्र उघडला, आणि किनाऱ्यालगतचा कडा पर्जन्याने झिजत झिजत पूर्वेस सरकून आजच्या सह्याद्रीच्या जागी येऊन ठेपला.

अशाच थिजलेल्या लाव्हाच्या, म्हणजे बसाल्ट खडकाचे स्तंभ जेजू बेटावर समुद्रात पाय सोडून उभे आहेत, आणि कोरियाच्या त्या बेटास २०१० पासून जागतिक भू-उद्यानाचा मान आहे. वारशाचे जतन, त्याचे शिक्षण आणि स्थानिकांचा चरितार्थ ही त्रयी एकत्र नांदावी, हीच युनेस्कोची त्यासाठी अपेक्षा असते. आपल्या देशात मात्र असे एकही उद्यान अद्याप नाही.

मढ ज्या जुन्नर तालुक्यात आहे, त्याला २०१८ साली विशेष पर्यटनक्षेत्राचा दर्जा मिळाला. बोरीजवळ कुकडीच्या पात्रात ज्वालामुखीय राखेचा थर आहे. ती सुमात्रातील तोबाच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची, असे अनेक संशोधक मानतात, काही तिला याहून प्राचीन ठरवतात. गुळुंचवाडीला प्रवाहाने कोरलेला नैसर्गिक पूल आहे. ही संपत्ती पाहायला मात्र फारसा कोणी थांबत नाही. पावसाळ्यात माणसे धबधब्याखाली भिजतात आणि बाटल्या टाकून परततात.

अशा वेळी घाटमाथ्यावर काचेच्या गच्च्या बांधण्याच्या योजना निघतात. माझे म्हणणे इतकेच, की काचेआधी दप्तर हवे: प्रत्येक कडा, थर आणि झरा यांची नोंद ग्रामपंचायतीत असावी, हिरडा गोळा करीत ज्यांनी हे डोंगर पायाखाली घातले, त्या महादेव कोळी व ठाकर तरुणांना प्रशिक्षण देऊन वाटाड्यांचे परवाने द्यावेत, आणि वाहनांच्या प्रवेशशुल्काचा ठरावीक हिस्सा गावाच्या हवाली व्हावा.

यात नवे काही नाही. नाणेघाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात व्यापाऱ्यांची जकात जमा होत असे, अशी परंपरा आहे. वाटेवरून जाणाऱ्याने वाटेचे देणे फेडावे, हा रिवाज आपणच कधीकाळी घालून दिला होता. आज वाट रुंद झाली, वाहने वाढली. रांजण तेवढा रिता राहिला आहे.