‘दीवार’मधला सुटलेला आरोपी

यश चोप्रांचा ‘दीवार’ १९७५ साली आला. पन्नास वर्षे होऊन गेली, तरी त्यातले संवाद घोकून पाठ केलेला एखादा महाभाग गॅदरिंगला हटकून भेटतोच. एक भाऊ तस्कर, दुसरा पोलीस अधिकारी आणि दोघांच्या मध्ये आई! आईचा उल्लेख आला की टाळ्या पडतात. पडोत बापड्या. मला मात्र वाटते, सलीम-जावेद यांच्या या कथेचे मूळ आईत नसून एका सहीत आहे.

खाणकामगारांचे पुढारी आनंदबाबू. मालक त्यांच्या बायकामुलांना ओलीस धरतो आणि आपल्याला हव्या त्या करारावर सही घेतो. कामगारांच्या लेखी आनंदबाबू फितूर ठरतात, तोंड लपवून परागंदा होतात. आणि थोरल्या विजयच्या हातावर ‘बाप चोर आहे’ असे गोंदले जाते. खरा गुन्हा हा. पुढचे सोने, गोदी, दावर आणि सामंत यांच्या टोळ्या ही सारी त्याची पिलावळ.

पुढे रवी भावासमोर कबुलीजबाबाचा कागद ठेवतो. तेव्हा विजय म्हणतो, आधी ज्याने बापाची सही घेतली त्याची सही आण, ज्यांनी माझ्या हातावर हे गोंदले त्यांची आण. मग मी करीन. आपण हा प्रसंग अमिताभ बच्चनच्या आवाजासाठी ऐकतो. वास्तविक ती एक रीतसर फिर्याद आहे, आणि फिर्यादी ती एका पोलीस अधिकाऱ्याला तोंडावर सांगतो आहे! रवी उत्तर देतो की दुसऱ्याच्या पापाने तुझे पाप धुतले जात नाही. उत्तर बिनचूक आहे. पण फिर्याद नोंदवून घेतली का? नाही.

विजयही कमी दोषी नाही. आईने जिथे विटा वाहिल्या ती इमारत तो वाटेल ती किंमत देऊन विकत घेतो. त्या खाणमालकाचा माग काढावा असे मात्र त्याला एकदाही सुचत नाही. हातात एवढा पैसा, एवढी माणसे! बापाच्या कलंकाचे त्याला दुःख आहे, परंतु तो पुसण्याची वाट त्याला दिसत नाही.

पाव चोरणाऱ्या मुलाचा प्रसंग आपल्या प्राध्यापकांना विशेष प्रिय असतो, आणि ते साहजिकही आहे. मुलाचा बाप निवृत्त शिक्षक. ए. के. हंगल यांनी ती भूमिका विलक्षण संयमाने केली आहे. चोरी ती चोरीच, हे त्यांचे म्हणणे ऐकून रवीचा निश्चय होतो आणि तो भावाविरुद्धचे प्रकरण हाती घेतो. पण घरातली बाई आधी जे बोलते ते आपण ऐकतो का? तिचा सवाल सरळ आहे : मोठ्या चोरांवर तुमची गोळी का चालत नाही? नवरा तिला गप्प करतो, कथाही करते. मला ती बाई गुरुजींपेक्षा अधिक शहाणी वाटते.

अखेर विजय मंदिरात आईच्या मांडीवर प्राण सोडतो. रवीला मिळालेले पदक स्वीकारायला आई मंचावर येते. सभागृह टाळ्यांनी दुमदुमते. त्या गर्दीत, कदाचित पुढच्याच रांगेत, तो खाणमालकही पाहुणा म्हणून बसला असेल असे मला प्रत्येक वेळी वाटते. त्याला ओळखू शकेल अशी तिथे एक आईच, आणि तिला कोणी विचारलेले नाही.