ऊसबिलाच्या मागावर आलेले पाहुणे



गेल्या हंगामात एका पंधरवड्याचे ऊसबिल खात्यावर जमा झाले आणि दोनच दिवसांत मंगरूळपीरच्या आमच्या गट ऑफिसात एक टापटीप तरुण येऊन बसला. हातात गुळगुळीत पत्रके. म्हणाला, "साहेब, शंभर टनांवर ऊस घातलेल्यांची यादी द्या. नाव, गाव, मोबाईल, बस्स." कशाला? तर ब्लॉकचेनवरचे नाणे विकायला! यादीपोटी मलाही टक्केवारी. चहा पाजला आणि वाटेला लावला.

त्याने मागितले काय ते ध्यानात घ्या. त्याला अख्खे गाव नको होते. ज्याच्या खात्यात नुकताच पैसा पडला, तोच हवा होता.

गिऱ्हाईक निवडणे हे काही पाप नव्हे. खोडवा ठेवणाऱ्याला पाचट कुजविण्याचे पत्रक आम्हीही निवडूनच धाडतो. पण तेथे निवड गरजेवरून होते, येथे पासबुकावरून.

ब्लॉकचेन म्हणजे तरी काय? एकच नोंदवही, तिच्या प्रती अनेक ठिकाणी; एकीत खाडाखोड केली तर बाकीच्या लगेच चुगली करतात. सोय चांगली आहे. राज्य वखार महामंडळाच्या गोदाम पावत्या 2020 पासून या पद्धतीने नोंदवून राज्य सहकारी बँकेने त्यावर तारण कर्ज देणे सुरू केले. आपल्या भागात सोयाबीन-तूर पिकते, भाव पडला की ती वखारीत ठेवावी लागते; अशा शेतकऱ्याला शोधून कोणी हे सांगितले तर उपकारच होतील.

परंतु नोंद पक्की म्हणून नोंदलेली गोष्ट खरी, असे नाही. काटाच मारलेला असेल तर पावती कितीही पक्की असून काय कामाची?

'गेनबिटकॉइन'चे हेच झाले. 2015 च्या सुमारास अमित भारद्वाज याने दरमहा 10 टक्के, तेही 18 महिने, असा वायदा केला. आणणारे एजंट बहुधा ओळखीचे, नात्यागोत्यातले. बिटकॉइन घेतले, आणि पुढे परताव्यात दिले 'एमकॅप' नावाचे स्वतःचेच हलक्या किमतीचे नाणे. पुणे पोलिसांनी 2018 मध्ये त्याला धरले, 2022 मध्ये तो वारला, तपास सीबीआयकडे गेला. लोक अजून पैशाची वाट पाहताहेत. बिटकॉइनची वही खोटी नव्हती, बोलणारा खोटा होता.

एक सभासद मला म्हणाले, "साहेब, सरकार त्याच्यावर कर घेते, मंग खोटं कसं?" 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आहे, हे खरे. पण कर घेतला म्हणजे हमी दिली, असे होत नाही.

आता आपल्या घरचे. ऊसनोंद वहीत तुमचे क्षेत्र, लागण तारीख, मोबाईल, बँक खाते सारे आहे. ती यादी संचालक मंडळाच्या ठरावाशिवाय कोणालाही, अगदी ओळखीच्या पुढाऱ्यालाही देऊ नये, आणि असा ठराव येत्या सभेत व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे. स्लिपबॉयपासून माझ्यापर्यंत सर्वांना तो लागू करा. पत्रक घेऊन कोणी दारात आलाच, तर त्याला आधी विचारा, "माझं नाव तुला कोणी दिलं?" आणि ते पत्रक गट ऑफिसात आणून द्या.

— ऊसविकास अधिकारी