पापड पुरे, आता गिरणीचं बोला

बायकांना रोजगार द्यायचा म्हटलं की सरकार असो नाहीतर संस्था, प्रशिक्षण ठरलेलं: पापड, लोणची, मसाले. भद्रावती तालुक्यातल्या माजरीसारख्या गावात हे जास्तच टोचतं. पापड आम्हांला येत नव्हते काय? आईकडून, सासूकडून शिकलेलं काम पुन्हा शिकवायचं, प्रमाणपत्र द्यायचं, फोटो काढायचा आणि बाईला ‘उद्योजिका’ म्हणून मोकळं व्हायचं! माल विकायचा कुठे, उडीद महागला तर तोटा कोणाचा, हे तिनं बघायचं. उद्योजिका म्हटलं की मजुरी मागायची सोय राहत नाही.

माजरी कोळशाची. वेकोलिच्या खाणींखाली कापसाची, तुरीची वावरं गेली. ज्यांच्या नावावर जमीन, त्यांना मोबदला आणि घरातल्या एखाद्याला नोकरी. तो ‘एखादा’ बहुतेक वेळा मुलगाच. त्याच वावरात निंदण आणि वेचणी करणाऱ्या मजूर बाईचं नाव सातबाऱ्यावर कधी नव्हतंच, त्यामुळे तिचं काम गेल्याची नोंदही कुठे नाही. खाणीत जावं तर १९५२च्या कायद्यानं भूमिगत कामाला बाईला बंदी होती. ती २०१९मध्ये सैल झाली. अशा गावात अन्नप्रक्रियेचा धंदा ही खरंच आशेची जागा ठरू शकते. जिल्ह्याच्या पश्चिमेला तूर आणि सोयाबीन, पूर्वेला मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरीचं धान, पुढे गडचिरोलीच्या जंगलात मोहफूल. माल इथलाच आहे. काम मात्र कोणाचं?

धानाचंच पाहा. कांडण हे शतकानुशतकं बाईचं काम. दुसऱ्याचं धान कांडून कितीतरी विधवा आणि एकट्या बायांनी पोट भरलं. गिरणी आली आणि ते गेलं. माजरीहून जी रेल्वे वर्ध्याला जाते, त्याच वर्ध्यात १९३४ साली गांधीजींनी ग्रामोद्योग संघ उभा केला आणि कुमारप्पांनी हातसडीच्या तांदळाची बाजू मांडली. १९५८ साली राईस मिलवर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला. नवी मिल घालायची तर परवाना लागे आणि हातसडीवर काय परिणाम होईल हेही बघायचं होतं. तो कायदा १९९७ साली रद्द झाला. किती कांडणाऱ्या बायकांना तेव्हा कोणी विचारलं असेल?

आता कोणी उखळाशी परत जा म्हणणार नाही, आम्हीही नाही. मुसळानं खांदे भरून येतात, हे ज्यांनी कांडलं त्यांना ठाऊक आहे. आक्षेप यंत्राला नाही. यंत्र आलं की ते पुरुषाच्या हाती जातं आणि बाईकडे वाळवण, झाडलोट, निवडणं उरतं, याला आहे. आणि निवडणंही आता सुटत चाललंय. रंगावरून खडा आणि काळा दाणा ओळखून उडवणारी ‘सॉर्टेक्स’ यंत्रं मोठ्या मिलांमध्ये बसली आहेत. बाईचे डोळे आणि बोटं जे करत होती, ते हवेचा झोत करतो. ते यंत्र चालवायचं शिक्षण बाईला द्यावं, हे का सुचत नाही?

प्रशिक्षणात लिज्जतचा दाखला हमखास दिला जातो. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली, वगैरे. पण लिज्जतच्या बहिणी तिथल्या मालक-सभासद आहेत, पीठ एका ठिकाणी भिजतं, लाट्या मोजून मिळतात, विक्री संस्था बघते, हे कोणी सांगत नाही. आमच्याकडे गोष्ट तेवढी येते, संघटना येत नाही.

कायदाही हळूच सरकतोय. जुन्या कारखाना कायद्यात वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले की तो कारखाना ठरे. नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झालेल्या संहितेत हा आकडा वीस आहे. छोट्या दालमिलमध्ये वीस माणसं असतात कुठे? समान कामाला समान वेतन नव्या वेतन संहितेतही आहे, पण काम ‘समान’ नाही असं दाखवणं मालकाला कठीण नाही. तो यंत्रावर, ती सुपावर.

पैसा अगदीच नाही असं नाही. २०२० साली केंद्रानं सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना काढली. त्यात यंत्रासाठी ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान आणि बचतगटाच्या प्रत्येक सभासदामागे ४० हजारांपर्यंत बीजभांडवल ठेवलं होतं. मग माजरीच्या चार गटांनी मिळून तुरीची दालमिल का मागू नये? पण बाकीचा बहुतेक पैसा बँकेकडून आणायचा, आणि बँक तारणाला सातबारा मागते. पुन्हा तोच सातबारा!

म्हणून पुढच्या वेळी कोणी पापडाचं प्रशिक्षण घेऊन आलं, तर बायांनो, सतरंजीवर बसण्याआधी विचारा: यंत्र कोणाच्या नावावर राहील? मोटर बिघडली तर दुरुस्ती कोण शिकवणार? दिवसाची रोजी किती, आणि माल खपला नाही त्या महिन्यात ती कोण देणार? संडास कुठे आहे, आणि लेकरू कुठे ठेवायचं? उत्तरं वहीत लिहून घ्या, आणि आणणाऱ्याची सही मागा.