विश्लेषण : नेमबाजीसाठी इलेक्ट्रॉनिक इअरमफ घ्यावेत का?

सोलापुरात ज्या घरातल्या कुणी यंत्रमागावर वीस-पंचवीस वर्षे काढली आहेत, त्या घरात टीव्हीचा आवाज मोठा असतो. गेलेले कान परत येत नाहीत, हे या शहराला वेगळे सांगायला नको. मागावर जे नुकसान वर्षानुवर्षांत होते, ते बंदुकीच्या मोजक्या आवाजांतही होऊ शकते.

तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये कांस्यपदक जिंकणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे हे तिघेही कोल्हापूर जिल्ह्याचे. त्यांच्याकडे पाहून मुलाला नेमबाजीला घालायचे ठरले, की मोबाइलवर महागडे ‘इलेक्ट्रॉनिक इअरमफ’ समोर येतात. स्पर्धेत उतरणाऱ्या मुलासाठी ते घेऊ नयेत, असे आमचे मत आहे. त्याची कारणे अशी.

ते नेमके काय करतात?

साधा इअरमफ सगळेच आवाज अडवतो. इलेक्ट्रॉनिक इअरमफला बाहेर मायक्रोफोन आणि आत छोटे स्पीकर असतात. बोलणे ऐकू येते. आवाज ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की स्पीकर तो पुढे सोडत नाही. गोळीचा आवाज मात्र अडवते ती बाहेरची वाटी आणि गादीच. म्हणजे जादा पैसे मोजतो ते ऐकू येण्यासाठी, जादा संरक्षणासाठी नव्हे.

मग अडचण कुठे?

नियमात. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार खेळाडूला फक्त आवाज कमी करणारी साधने वापरता येतात. आवाज ग्रहण करणारे उपकरण बसवलेले इअरमफ चालत नाहीत. ज्या साधनाने स्पर्धेत उतरता येणार नाही, त्याची सरावात सवय कशाला लावायची?

ते उपयोगी पडतात प्रशिक्षणात. रेंजवर सूचना देणाऱ्या प्रशिक्षकाला मुलांचे बोलणेही ऐकायचे असते. ते ऐकण्यासाठी तो दर वेळी कानावरचे मफ उचलत असेल, तर धोका त्यालाच आहे. क्लबने खर्च करायचा तर तिथे करावा.

आवाज किती असतो?

१० मीटर एअर रायफल आणि पिस्तुलाचा आवाज तुलनेने कमी असतो. तरी बंद खोलीत अनेक जण तासन्‌तास सराव करतात, तेव्हा इअरप्लग हवेतच. .२२ बोअरचा आवाज क्षणभर १४० डेसिबलच्या आसपास जातो, शॉटगनचा १५० च्या पुढे. जागतिक आरोग्य संघटनेने अशा क्षणिक आवाजासाठी मोठ्यांना १४० आणि मुलांना १२० डेसिबलची मर्यादा सांगितली आहे.

घेताना काय पाहावे?

पाकिटावर ‘एनआरआर’ हा आकडा असतो. साधारण २२ ते ३३. तो प्रयोगशाळेतला असतो. चष्म्याची दांडी, केस किंवा टोपी मध्ये आली की प्रत्यक्ष संरक्षण बरेच घटते. म्हणून आकड्यापेक्षा कानावर नीट बसणे महत्त्वाचे. रायफलसाठी पातळ वाटीचे मफ घ्यावेत, नाहीतर गाल दस्त्याला लावताना वाटी आपटून सरकते.

फोमचा प्लग बारीक वळून, कानाची पाळी वर-मागे ओढून आत घालावा आणि फुगेपर्यंत बोटाने धरावा. .२२ आणि शॉटगनसाठी प्लग व मफ दोन्ही वापरावेत. मात्र दोघांच्या आकड्यांची बेरीज होत नाही. जास्त आकड्यात पाचेक डेसिबलची भर पडते, इतकेच.

सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. घामाने गादी कडक होते, तिला चिरा पडतात. बदलता येणारी गादी असलेले मफ घ्यावेत. गाणी ऐकायचे ‘नॉइज कॅन्सलिंग’ इअरबड हा पर्याय नाही. ते पंख्यासारखी सततची घरघर कमी करतात, गोळीचा आवाज नाही.

आधी काय करावे?

रेंजवर मागे उभे राहणारे आई-वडील आणि धाकटी भावंडे यांच्या कानांत बहुतेकदा काहीच नसते. महागड्या एका मफच्या पैशांत साध्या प्लगचे खोके येते. ते क्लबच्या दारात ठेवावे आणि प्लग घातल्याशिवाय कुणालाही आत सोडू नये. सरावानंतर कानात शिट्टी वाजत राहिली किंवा दडा बसल्यासारखे वाटले, तर तो थकवा समजू नका; कानाच्या डॉक्टरांकडून श्रवणचाचणी करून घ्या.